दिवाळीच्या सुट्टीत रेनेसाँ बघायचाय: इटलीच्या नऊ रात्री कशा आखाव्यात?

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं नऊ रात्रींसाठी इटलीला जायचं म्हणतोय. मी, माझे यजमान, १३ वर्षांची लेक आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. लेक यंदा एलिमेंटरी ड्रॉइंगला बसतेय आणि तिला रेनेसाँची, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळातली चित्रं प्रत्यक्ष बघायची आहेत. सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही खात नाहीत, शिवाय गुडघे दुखतात. टूर कंपनीने रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान असा कार्यक्रम दिलाय. आपलं आपण आखलं तर जमेल का? काय बघायचं, काय सोडायचं? सासूबाई कोल्हापूरच्या माहेरवाशीण. त्यांनी बजावलंय, नऊ दिवस नुसत्या पिझ्झ्यावर काढणार नाही म्हणून. तिथलं घरगुती वळणाचं जेवण त्यांना मिळेल का?
– एक वाचक, नाशिक

ताई, जमेल. पण आधी त्या पाच शहरांतली तीन खोडा.

हिशेब करून बघा. शहर बदलायचं म्हटलं की बॅगा भरा, खोली सोडा, स्टेशन गाठा, गाडी पकडा आणि नवीन हॉटेलची खोली मिळेपर्यंत दुपारचे तीन वाजवा. एकेका बदलात अर्धा दिवस जातो. पाच शहरांत चार बदल, म्हणजे दोन अख्खे दिवस सामान ओढण्यात गेले. उरलेल्या वेळात फ्लॉरेन्सचं उफित्सी हे चित्रसंग्रहालय दीड तासात उरकावं लागतं आणि लेकीच्या हाती बोतिचेल्लीच्या चित्रासमोरचा एक फोटो लागतो. सहा रात्री फ्लॉरेन्सला आणि तीन रात्री रोमला राहा. व्हेनिस सुंदर आहे, पण तिथली चित्रकला हे वेगळं प्रकरण आहे. दमट हवेत भिंतीवरची चित्रं टिकत नाहीत म्हणून तिथे कॅनव्हास आणि तैलरंग फोफावले. त्यासाठी कधीतरी स्वतंत्र जा. मिलानला लोक लिओनार्दोचं ‘अखेरचं भोजन’ बघायला जातात. तिथे गटागटाने फक्त १५ मिनिटं आत सोडतात आणि दिवाळीच्या दिवसांची तिकिटं कितीतरी आधी संपतात. तेवढ्यासाठी एक दिवस आणि दोन प्रवास घालवू नका. पिसाचा मनोरा बघायची हौस असेल तर फ्लॉरेन्सहून अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं, न गेलात तरी रेनेसाँच्या दृष्टीने काही बिघडत नाही.

क्रम असा ठेवा: विमानाने रोमला उतरा, थेट फ्लॉरेन्सला जा आणि शेवटच्या तीन रात्री रोमला परत या. परतीचं विमान रोमहूनच असल्याने शेवटच्या दिवशी धावपळ होत नाही, हा एक फायदा. दुसरा मोठा. फ्लॉरेन्समध्ये पंधराव्या शतकात जे शोधलं गेलं, त्याचं रोममध्ये १५०० नंतर काय झालं, हे लेकीला त्याच क्रमाने दिसेल. विमानतळावरून रोमच्या तेर्मिनी स्टेशनला थेट गाडी ३२ मिनिटांत पोचते, तिथून फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनला जलद गाडीने साधारण दीड तास. यात एक चूक हमखास होते. सर्वात स्वस्त तिकीट बदलता येत नाही आणि त्याचे पैसेही परत मिळत नाहीत. विमानाला उशीर झाला की चौघांची तिकिटं वाया. त्या एका गाडीपुरतं बदलता येणारं तिकीट घ्या आणि विमान उतरण्याच्या वेळेपासून तीन तासांची मोकळीक ठेवा. परतीच्या प्रवासाला स्वस्त तिकीट चालेल.

व्हिसाचं काम लांबवू नका. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. दिवाळी आणि मे महिन्यासाठी अर्ज द्यायच्या तारखा भराभर भरतात, तेव्हा ऑगस्टमध्येच तारीख घ्या. मोठ्यांना शुल्क ९० युरो, लेकीलाही तेवढंच, कारण सवलत ६ ते १२ वर्षांपर्यंतच आहे. व्हिसा केंद्राचा सेवा आकार वेगळा. प्रवास विम्यात वैद्यकीय उपचारांसाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं. सासूबाईंच्या वयासाठी विमा वेगळ्या दराने मिळतो आणि आधीपासूनचे आजार त्यात धरलेत की नाही, हे वाचूनच सही करा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा.

आता तयारीबद्दल. लेकीसाठी पुस्तकं आणू नका, एक अंडं आणा. सासूबाईंना चालत नसेल तर हा उद्योग गच्चीत करा. रेनेसाँच्या पहिल्या शंभर वर्षांतली लाकडी फळ्यांवरची बहुतेक इटालियन चित्रं अंड्याच्या बलकात रंग कालवून केलेली आहेत. बलक पांढऱ्यापासून वेगळा करा आणि कागदी रुमालावर हलकेच लोळवून कोरडा करा. दोन बोटांत त्याची पातळ त्वचा धरून खालून टोचा. आतला बलक वाटीत पडू द्या, त्वचा टाकून द्या. बलकाइतकंच पाणी मिसळा. गेरू, पिवडी आणि काजळी वेगवेगळ्या थेंबभर पाण्यात घोटून त्यांचा लगदा करा, आणि लगद्याइतकंच बलकाचं मिश्रण त्यात घाला. बारीक कुंचल्याने जाड पुठ्ठ्यावर रंगवा. रंग अर्ध्या मिनिटात सुकतो, त्यामुळे जलरंगासारखा एकात एक मिसळता येत नाही. छटा आणायची तर शेजारीशेजारी बारीक रेघा ओढाव्या लागतात. बलक जास्त झाला तर रंग चमकतो आणि चिकट होतो, कमी झाला तर सुकल्यावर बोटाला पावडर लागते. हे एकदा हाताने केलं की बोतिचेल्लीच्या चित्रातल्या गालावरच्या आणि केसांतल्या रेघा लेकीला आपोआप दिसतील. त्याच गेरूसारख्या लाल मातीने तिथले चित्रकार भिंतीवर आधी कच्चं रेखाटन करत. त्याला सिनोपिया म्हणतात.

भित्तिचित्राचं तंत्रही जाण्याआधीच समजून घ्या. फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचा पुन्हा दगड होतो, रंग त्या दगडात अडकतो. म्हणून गवंडी रोज तेवढाच गिलावा लावायचा जेवढा चित्रकार त्या दिवसात रंगवू शकेल. त्या एका दिवसाच्या तुकड्याला जोर्नाता म्हणतात. भिंतीजवळ तिरपं उभं राहिलं की त्या तुकड्यांचे सांधे दिसतात. काही निळे रंग चुन्याला सोसत नसत, ते गिलावा सुकल्यावर सरसात वगैरे कालवून वरून लावत आणि नेमके तेच पुढे गळून पडले. मेरीचा झगा जागोजागी काळपट किंवा रिकामा दिसला तर ते त्यामुळे. आपल्या अजिंठ्याची पद्धत निराळी. तिथे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो सुकल्यावर रंग लावलेत. (निजाम सरकारने १९२० च्या सुमारास दोन इटालियन जतनतज्ज्ञ अजिंठ्याला आणले होते. त्यांनी चढवलेलं लाखेचं व्हार्निश पुढे पिवळं पडलं.) लेकीने अजिंठा पाहिला नसेल तर इटलीच्या आधी नाशिकहून तिकडे एक चक्कर मारा, तुलना करायला डोळा तयार होतो.

फ्लॉरेन्समध्ये पहिल्या दिवशी फक्त एक चित्र बघा: स्टेशनसमोरच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधलं मासाच्चोचं ‘त्रिमूर्ती’ (पिता, क्रुसावरचा पुत्र आणि पवित्र आत्मा), साधारण १४२७ चं. सपाट भिंतीत खोल दालन असल्याचा भास ज्या यथार्थदर्शनाने होतो, त्याचा हा सर्वात जुन्या नमुन्यांपैकी एक. एलिमेंटरीच्या पोरीला याहून चांगला धडा नाही. वहीत कमानीच्या छताच्या रेषा उतरवायला सांगा आणि पट्टीने त्या खाली वाढवायला लावा. सगळ्या क्रुसाच्या पायथ्याशी, जवळपास बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर एकत्र येतात. खाली एक सांगाडा आहे आणि त्याच्यावर लिहिलंय: जो तू आहेस तो मी होतो, जो मी आहे तो तू होशील. त्याच चर्चमध्ये गिर्लांदायोने रंगवलेला मोठा गाभारा आहे, पण थकवा असेल तर तो सोडून बाहेर पडा.

उफित्सीसाठी सकाळी सव्वाआठचं पहिलं तिकीट काढा आणि साडेअकराला बाहेर या. तिकिटं अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. शोध घेताना वर दिसणारी बरीच संकेतस्थळं दलालांची असतात, तेच तिकीट दीडपट-दुप्पट दराने देतात. १८ वर्षांखालच्या मुलांना सरकारी संग्रहालयात प्रवेश फुकट आहे, त्यांचं नागरिकत्व कुठलंही असो. लेकीचं शून्य दराचं तिकीट मात्र आरक्षित करावं लागतं, त्याचा छोटा आकार पडतो आणि तिचा पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो. वासारीने १५६० मध्ये ही इमारत बांधायला घेतली ती कचेऱ्यांसाठी. उफित्सी म्हणजे कचेऱ्याच. चित्रं सुरू होतात सगळ्यात वरच्या मजल्यावर. जिने बरेच आहेत, पण लिफ्ट आहे. सासूबाईंसाठी दारावरच विचारा, चाकाची खुर्चीही मिळते.

आत पन्नासहून जास्त दालनं आहेत. बारा चित्रं ठरवा आणि बाकीच्यांसमोरून न थांबता जा. सुरुवात तीन मोठ्या मेरीमातांनी करा, त्या एकाच दालनात आहेत: चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो. चिमाबुएची मेरी सोन्याच्या कागदावर चिकटवल्यासारखी वाटते, जोत्तोच्या मेरीला गुडघे आहेत, वजन आहे, ती खरंच बसली आहे. दोन चित्रांत जेमतेम एका पिढीचं अंतर. पुढच्या सव्वादोनशे वर्षांत जे झालं ते या एका फरकातून सुरू झालं, म्हणून इथे वीस मिनिटं घालवली तरी ती वाया नाहीत. पुढे जेन्तिले दा फाब्रियानोचं १४२३ चं ‘तीन राजांचं आगमन’, पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने रंगवलेले उर्बिनोचे ड्यूक-डचेस, बोतिचेल्लीची ‘प्रिमाव्हेरा’ आणि ‘व्हीनसचा जन्म’, लिओनार्दोचं अर्धवट राहिलेलं चित्र (त्यात रंग चढण्याआधीचं रेखाटन उघडं दिसतं), मायकेलअँजेलोचं गोल चित्र. खालच्या मजल्यावर तित्सियानोची व्हीनस आणि काराव्हाज्जो. लेकीने लहान वही आणि पेन्सिल न्यावी. रंग, पेन, स्टँड नको.

तिथलं एक संग्रहालय टूरवाले कधीच दाखवत नाहीत आणि तुम्ही मात्र चुकवू नका, ते म्हणजे ओस्पेदाले देली इनोचेंती. ब्रुनेलेस्कीने १४१९ मध्ये आराखडा केलेला अनाथाश्रम. बाहेरच्या कमानींवर दुपट्यात गुंडाळलेल्या बाळांच्या निळ्या-पांढऱ्या मातीच्या चकत्या आहेत. सासूबाईंना त्या सर्वांत आवडतील असा आमचा अंदाज आहे. आत गिर्लांदायोचं ‘तीन राजांचं आगमन’ आहे. त्याचा १४८५ चा करार आजही उपलब्ध आहे. त्यात चित्र कधी पुरं करायचं हे तर आहेच, पण निळा रंग औंसाला सुमारे ४ फ्लोरिन (तिथलं सोन्याचं नाणं) किमतीचाच वापरायचा असंही बजावलंय. तो निळा म्हणजे अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला लाजवर्द, कुटून, धुऊन काढलेला. गिऱ्हाईक पैसे कशाचे मोजतंय हे कळलं की चित्रातला तो निळा वेगळाच दिसायला लागतो.

डुओमोच्या, म्हणजे शहराच्या मुख्य कॅथेड्रलच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. जिना अरुंद, दोन भिंतींमधून जाणारा. हृदयविकार असणाऱ्यांनी किंवा कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी जाऊ नये. म्हणून फुटून जा: तुम्ही किंवा यजमान लेकीबरोबर वर जा, दुसऱ्याने सासूबाईंना घेऊन मागच्या बाजूच्या डुओमो संग्रहालयात थांबा. तिथे लिफ्ट आहे आणि गिबेर्तीचे स्वर्गद्वाराचे मूळ सोनेरी दरवाजे, दोनातेल्लोची लाकडी माग्दालेना, मायकेलअँजेलोने उतारवयात घडवलेली पिएता (मृत ख्रिस्ताला सावरणाऱ्यांचं शिल्प) हे सगळं शांतपणे बघता येतं. बाप्तिस्मागृहाबाहेर ज्या दरवाजांपुढे गर्दी असते ती प्रतिकृती आहे. घुमटाचं तिकीट दिवस आणि वेळ ठरवूनच मिळतं, उशीर झाला तर आत घेत नाहीत. कॅथेड्रलमध्ये नुसतं जाणं फुकट, पण त्याची रांग वेगळी. तिथे उभं राहून लोक घुमटाची वेळ चुकवतात. वर चढताना लेकीला विटा बघायला सांगा. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये हा घुमट खालून लाकडी आधार न देता उचलला. आडव्या विटांच्या थरांत मधेमधे उभ्या विटा, माशाच्या काट्यासारख्या रचल्यात, त्यामुळे ओला थर आत घसरत नव्हता. घुमटाला कवचंही दोन आहेत आणि तुमचा जिना त्या दोहोंच्या मधून जातो.

बार्जेल्लो संग्रहालयात फक्त दोन कांस्य चौकटींसाठी जा. १४०१ मध्ये बाप्तिस्मागृहाच्या दरवाजासाठी स्पर्धा झाली, गिबेर्ती आणि ब्रुनेलेस्की दोघांनी एकच प्रसंग घडवला. दोन्ही नमुने शेजारीशेजारी आहेत. गिबेर्तीने जवळपास सगळं एका ओतकामात केलं आणि धातूही कमी लागला. कोण जिंकायला हवं होतं हे लेकीला ठरवू द्या. आक्कादेमिया संग्रहालयात मायकेलअँजेलोचा ५.१७ मीटरचा डेव्हिड आहेच, पण त्याच्याकडे जाताना दुतर्फा दगडात अडकलेले अर्धवट कैदी आहेत. छिन्नीचे घाव तिथेच दिसतात. सान मार्को मठात फ्रा आंजेलिकोने संन्याशांच्या एकेका खोलीत एकेक चित्र काढलंय. ते दुपारी लवकर बंद होतं, सकाळीच गाठा.

वारांचा घोळ आधीच सोडवा. उफित्सी आणि आक्कादेमिया सोमवारी बंद. पालात्सो मेदिची, म्हणजे फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याचा वाडा, बुधवारी बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, तेव्हा आरक्षण नसतं आणि रांगा भयंकर. तो दिवस फ्लॉरेन्सजवळच्या सिएना शहराला ठेवा. १ नोव्हेंबरला सुट्टी असते, स्थानिक लोकही फिरायला निघतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि मग पाचलाच अंधारतं. नोव्हेंबरात पाऊस असतो आणि ओली दगडी फरसबंदी निसरडी होते. सासूबाईंना रबरी तळव्याचे बूट हवेत, चपला नकोत. गाडी भाड्याने घेऊ नका. जुन्या शहरात परवान्याशिवाय गाड्यांना बंदी आहे आणि कॅमेरे दंड थेट घरच्या पत्त्यावर पाठवतात.

सिएनाला आगगाडीने न जाता जलद बसने जा, सव्वा तासाच्या आसपास लागतो. स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे, बस वर शहरात सोडते. गुडघ्यांसाठी हा फरक मोठा. नगरभवनात आम्ब्रोज्जो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये रंगवलेलं चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराचं भित्तिचित्र आहे. चांगल्या राज्यात दुकानं चालू, गवंडी छपरावर, शेतकरी बाजाराला निघालेला, बायका फेर धरून नाचताहेत. नागरिकशास्त्राचा अख्खा धडा आहे तो. दालन उघडं आहे का, ते निघण्याआधी बघून घ्या.

आता जेवण. सासूबाईंना सांगा, टस्कनीचं, म्हणजे फ्लॉरेन्स-सिएनाच्या प्रांताचं खरं जेवण शिळ्या पावाचं आणि घेवड्याचं आहे, त्यांच्या सवयीपासून फार लांब नाही. तिथल्या पावात मीठ नसतं. पहिल्या घासाला सगळे नाक मुरडतात, पण तो खारट चीजबरोबर खायचा असतो. शिळा झाला की त्याचं सूप करतात. रिबोल्लिता म्हणजे पुन्हा उकळलेलं: पांढरा घेवडा, काळपट कोबीची पानं, गाजर, कांदा, सेलेरी आणि पाव, दुसऱ्या दिवशी परत शिजवून घट्ट केलेलं. आपली फोडणीची पोळी ज्या न्यायाने होते त्याच न्यायाने. पाप्पा आल पोमोदोरो हा त्याचा टोमॅटोचा भाऊ. घेवडा सेज आणि टोमॅटोत शिजवतात, त्याला फाज्योली आल्ल’उच्चेलेत्तो म्हणतात. नावात पाखरू आहे, ताटात नाही. तुम्ही जाल तेव्हा ऑलिव्हचं नवं तेल आलेलं असेल. भाजलेल्या पावावर लसूण घासून वर ते हिरवं तेल, की झाली फेत्तुन्ता. तेलाने घशात ठसका लागतो, तो ताजेपणाचा. बिघडलंय म्हणून परत करू नका. घरी न्यायचं तर काचेऐवजी पत्र्याचा डबा घ्या आणि मोठ्या बॅगेत टाका.

फसगत कुठे होते ते नीट लक्षात ठेवा. सूप भाज्यांचं असलं तरी पाणी मांसाचं असू शकतं, ते ब्रोदो. रिबोल्लितात कधी डुकराची चरबी घालतात, पावातही कधी स्त्रुत्तो म्हणजे चरबी असते. काळ्या क्रोस्तीनीवर कोंबडीचं काळीज असतं. हिरव्या चटणीत आणि पिझ्झ्यावर आच्चुगे म्हणजे मासे. लाम्प्रेदोत्तो आणि फ्लॉरेन्सची प्रसिद्ध बिस्तेक्का ही दोन्ही गोमांसाची. ताज्या ताल्यातेल्ले, पाप्पार्देल्ले या पास्त्यांत अंडं असतं, सुका पास्ता नुसत्या रव्याचा. सर्वात अनपेक्षित गोष्ट चीजची. पार्मिज्यानो रेज्ज्यानो नेहमी वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात, त्याला शाकाहारी पर्यायच नाही. सासूबाई हे कसोशीने पाळत असतील तर दुकानात ‘काल्यो व्हेजेताले’ (वनस्पतीजन्य विरजण) लिहिलेला पेकोरीनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज मागा आणि हॉटेलात ‘सेन्त्सा फोर्माज्जो’, चीजशिवाय. ही ओळ कागदावर लिहून जवळ ठेवा: सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा ऊओव्हा. मांस नको, मासे नको, अंडी नको. गोडात कांतुच्ची बिस्किटांत आणि रिच्च्यारेल्लीत अंडं असतं, सिएनाच्या पानफोर्तेत आणि चेस्टनटच्या पिठाच्या कास्तान्याच्चोत नसतं.

राहायला स्वयंपाकघर असलेली जागा घ्या, लिफ्ट आहे ना हे विचारून. सकाळी सान्त’आंब्रोज्जोच्या बाजारात जा. भाजी-फळं स्वतः हाताळायची नाहीत, विक्रेत्याला सांगायचं. सुपरमार्केटात प्लास्टिकचा हातमोजा घालून घ्यायची. हॉटेलं रात्री साडेसातशिवाय जेवण देत नाहीत, त्यामुळे पाचच्या सुमाराला बेकरीतून स्क्याच्चाता, म्हणजे तेल लावलेला चपटा पाव घेऊन ठेवा. बिलात माणशी दोन-चार युरो ‘कोपेर्तो’ लागतो, तो लबाडी नव्हे. दाराशी माणूस बोलावतोय, ताटांचे फोटो टांगलेत आणि दिवसभर उघडं आहे, असं दिसलं की पुढे चला.

पीची, म्हणजे सिएनाकडचा हाताने वळलेला बिनअंड्याचा जाड पास्ता, एकदा घरी वळा. ४०० ग्रॅम पीठ (निम्मा बारीक रवा चालेल), अंदाजे २०० मिली कोमट पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तेल. दहा मिनिटं मळून अर्धा तास झाकून ठेवा. पोळी लाटून बोटाएवढ्या पट्ट्या कापा आणि तळव्याने मधून बाहेर वळत न्या, जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास. पाटावर पीठ भुरभुरलं तर पट्टी वळत नाही, नुसती घसरते. पाट कोरडा आणि तळवा किंचित ओला ठेवा. वळून झाल्यावर रवा लावा, नाहीतर एकमेकींना चिकटतात. गव्हले आणि शेवया वळलेला हात सासूबाईंचा असेल तर तिथल्या आजीबाईंइतकाच सफाईने चालेल. वर लसूण आणि टोमॅटो.

टोमॅटोवरून एक सांगतो. लेकीला रोममध्ये व्हॅटिकनइतकीच व्हिल्ला फार्नेसीना दाखवा. राफाएलच्या हाताखाली १५१७-१८ च्या सुमारास रंगवलेल्या छतावर फळाफुलांच्या माळा आहेत, त्यांत मक्याची कणसं शोधायला लावा. कोलंबसाला अमेरिका गाठून पंचवीस वर्षं होत होती आणि तिकडचं पीक छतावर पोचलं होतं. मेदिचींच्या घरी टोमॅटोची टोपली पोचल्याची नोंद १५४८ ची. बोतिचेल्ली टोमॅटोशिवाय जगला आणि शिवछत्रपतींच्या आधीच्या मराठी ताटात मिरची नवखी होती, ती पोर्तुगिजांनी आणली. फार्नेसीना दुपारी दोनच्या सुमारास बंद होतं. व्हॅटिकन संग्रहालय रविवारी बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी उघडं, फुकट आणि तुडुंब. आधी राफाएलची दालनं बघा, मग मायकेलअँजेलोने रंगवलेलं सिस्टिन चॅपेल. तिथलं छत १५०८ ते १५१२ चं, वेदीमागची भिंत त्यानंतर चोवीस वर्षांनी सुरू केलेली. फोटोला बंदी, बोलायलाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

आणि फ्लॉरेन्समधली शेवटची दुपार सासूबाईंसाठी राखून ठेवा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले, विशीतच. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना हिंदू रिवाजाप्रमाणे अग्नी दिला. १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली, आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा, ज्याने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला. शेजारच्या पुलालाही ‘इंडियानो’ म्हणतात. जागा काशीने उद्यानाच्या पार पश्चिम टोकाला आहे. उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला ट्राम थांबते, तिथून पायी जायला तासभर लागेल, गुडघ्यांना झेपणार नाही. टॅक्सी रस्त्यात हात करून थांबत नाही, स्टँडवरून किंवा फोन करून घ्यावी लागते. येताना नेणाऱ्यालाच अर्धा तास थांबायला सांगा, कारण तिथे परतीची टॅक्सी सहज मिळत नाही. चारच्या आधी पोचा. फुलं सकाळीच बाजारातून घेऊन ठेवा.